काळी वाळू

सायमाचा ग पाठ फिरवून बसतो.
तिचा त डावखुरा.
तीनचा आकडा तर कायम पळायच्या पवित्र्यात.
मी तांबड्या पेननं एकेकाला गोल घातला
आणि वहीच्या तळाशी लिहिलं :
सायमा रसूल शिकलगार, इयत्ता पहिली,
अक्षरे उलटी काढते. घरी सराव घ्यावा.
खाली सही. सहीखाली तारीख.

घरी कोण घेणार?
बाप भट्टीवर, आई कोअरच्या खात्यात,
दोघांच्या हाताच्या रेषांत कोळशाची भुकटी.
शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
वही पोचवायला मीच गेले
उद्यमनगरच्या मागल्या गल्लीत.

तिथं कारखान्यानं टाकून दिलेल्या वाळूचा ढीग.
काळी, दमट, जळक्या वासाची,
मुठीत दाबली तर बोटांचे ठसे धरून बसणारी.
ढिगाच्या कडेला चौघांचा कारखाना जोरात चाललेला.
भरमू गाल फुगवून भट्टी झालेला,
धाकटा इर्शाद नुसताच भोंगा.
साबणाच्या दोन डब्या म्हणजे पेट्या,
चिखलाचा डबा म्हणजे तापलेला माल,
"पाय भाजंल, बाई, मागं सरा!"
मी सरले. खरोखर दोन पावलं सरले.

सायमानं शेतीपंपाचं मोडकं झाकण
वाळूत पालथं दाबलं,
कडेनं टकटक केलं, चारी बाजूंनी,
"सैल केल्याबिगर उचलायचं न्हाई, कड ढासळती."
छत्रीच्या काडीनं भोकं पाडली,
"वारं जायाला. न्हाईतर माल फुगतोय."
मग श्वास धरून
झाकण अलगद वर.

वाळूत अक्षरं उमटली होती.
ग पाठ फिरवलेला. त डावखुरा.
ती बोट घालून खाचेतून फिरली,
तोंडानं पुटपुटत, ग… ती…
वर्गात जे ओळखायला
तिला माझा चेहरा वाचावा लागतो.

"उलटं आलंय की गं," मी म्हटलं.
नव्या हेल्परकडं बघावं तसं तिनं बघितलं.
"आत उलटंच असतंय, बाई.
भाईर सुलटं येतंय.
थांबा, मी ओततो."

ओतलं.
"आता निवू दे."
माझ्या तासाला जी सात मिनिटं टिकत नाही
ती उकिडवी बसून राहिली,
हनुवटी गुडघ्यावर,
रिक्षा गेली, पाण्याचा टँकर गेला,
कुणीतरी तिला हाक मारली,
ती चिखल निवताना बघत होती.

उचलला तर ग तेवढा निघाला.
ती आतच तुटून राहिली, वेलांटीसकट.
मी मनातल्या मनात पेन उघडलं.
तिनं मोडका तुकडा हुंगला,
"वाळू जास्त ओली झाली," म्हणाली,
भरमू म्हणाला, "तूच पाणी घाटलंस,"
दोघं थोडं भांडली,
आणि ढिगाच्या पलीकडून कोरडी आणायला धावली.
तांबडा गोल कुठंच नव्हता.

वही पिशवीतच राहिली.
घरी आले तर भाकरी थापताना
नखांत काळं दिसलं. मी कधी हात घातला होता?

सोमवारी पाटीवर ग काढायला सांगितला.
तिनं काढला. पाठ फिरवलेलाच.
डोकं कलतं करून बघितला,
पाटीच्या लाकडी कडेवर बोटानं टकटक केलं,
चारी बाजूंनी,
आणि पाटी अलगद उचलून पालथी केली.

मागची बाजू कोरी.
ती बघत राहिली.
वर्गात चाळीस पोरं, दारात शिपाई नोटीस घेऊन उभा,
आणि मी तिच्या खांद्यावरून वाकून
त्या कोऱ्या बाजूकडं.